डोंगराच्या पोटात काय आहे?

बाजारात नारळ घेताना आपण तो कानाशी धरून हलवतो. आत पाणी किती आहे, ते न फोडता कळतं. जाळं फाटलं आहे का ते पाहायचं, तर ते उन्हाकडे धरतो. भोक असेल तिथून उजेड जास्त येतो. आज अशीच एक युक्ती सांगतो. पण ती नारळाची नाही, डोंगराची. तोही साधा डोंगर नव्हे, ज्वालामुखी!

ज्वालामुखी म्हणजे पोटात आग असलेला डोंगर. आपल्या मालवण किनाऱ्यावर तो नाही. पण सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी असाच लाव्हारस थिजून झाला. आज भारतात जागा असलेला ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट. तिथे वस्ती नाही. दुसऱ्या देशांत मात्र ज्वालामुखीच्या पायथ्याशी गावं आहेत, शेती आहे.

दूर कॅरिबियन समुद्रात ग्वादलूप नावाचं बेट आहे. तिथला सूफ्रिएर डोंगर 1976 साली वाफ आणि राख ओकू लागला. सुमारे 70 हजार माणसांना घरदार, गुरं, शेतं सोडून जावं लागलं. काही महिने ती परक्या जागी राहिली. शेवटी मोठा स्फोट झालाच नाही. यात कुणी वेडं ठरलं का? नाही. घर सोडावं तर संसार मोडतो, न सोडावं तर जीव जायची भीती. आणि डोंगराच्या पोटातलं कुणाला दिसत नव्हतं.

ते कसं दिसावं? तुम्ही म्हणाल, "डोंगर काय उन्हाकडे धरता येता?" बरोबर आहे. पण आकाशातून रात्रंदिवस एक न दिसणारा पाऊस पडत असतो. अंतराळातून फार वेगाने बारीक कण येतात आणि हवेवर आदळतात. त्यातून नवे कण निपजतात. त्यांतल्या एका जातीला म्युऑन म्हणतात. आपल्या पसरलेल्या तळहातातून दर सेकंदाला साधारण एक म्युऑन आरपार जातो. दुखत नाही, खुपत नाही. तो कौलांतून जातो, खडकातूनही जातो. मात्र खडक जितका जाड आणि भरीव, तितके कमी कण पार होतात.

हे आपल्याच देशात मोजून पाहिलं आहे. मुंबईचे होमी भाभा यांनी 1945 साली टाटा मूलभूत संशोधन संस्था काढली. त्या संस्थेचे शास्त्रज्ञ कोलारच्या सोन्याच्या खाणीत यंत्रं घेऊन उतरले. खोल जावं तसतसे कण कमी होत गेले. 1960 च्या सुमारास, पावणेतीन किलोमीटर खोलीवर, दोन महिने वाट पाहिली. एकही कण आला नाही!

आता युक्ती तुमच्या ध्यानात आली असेल. डोंगराच्या एका बाजूला यंत्र ठेवायचं. पलीकडून, डोंगर भेदून येणारे कण मोजायचे. जिथून जास्त येतात तिथे आत पोकळी किंवा भुसभुशीत खडक. जिथून कमी येतात तिथे भरीव खडक. जाळ्याचीच गोष्ट!

अडचण वेगळीच आहे. डोंगर भेदून येणारे कण थोडे. चित्र उमटायला आठवडे, महिने लागतात. 2006 साली जपानात आसामा ज्वालामुखीपाशी फोटोच्या फिल्मसारख्या पट्ट्या ठेवल्या होत्या. त्यांना वीज लागत नाही. पण त्या उचलून आणून धुवाव्या लागतात. रोजचा हिशेब मिळत नाही.

रोजचा हिशेब हवा तर विजेचं यंत्र हवं. डोंगरावर वीज कुठली? तार नाही, रस्ता नाही. इंजिन चढवलं तर तेल कोण वाहणार? उरतो सूर्य. पण माथ्यावर आपल्या आंबोलीसारखं धुकं. ऊन थोडं, म्हणून वीजही थोडी. तेव्हा यंत्रच काटकसरी करावं लागलं.

त्यात खास प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. कण गेला की पट्टीत क्षणभर बारीक उजेड चमकतो. तो टिपायला पूर्वी काचेच्या नळ्या लागत. त्यांना हजार व्होल्टच्या आसपास दाब द्यावा लागे. आता दाण्याएवढे सिलिकॉनचे डोळे निघाले आहेत. त्यांचं पंचवीस ते सत्तर व्होल्टवर भागतं. नखाएवढी एक चिप अशा बत्तीस डोळ्यांचा हिशेब ठेवते. पट्ट्यांच्या तीन फळ्या एकामागे एक उभ्या करतात. तिन्हींत एकदमच उजेड चमकला तरच नोंद होते. ते तीन ठिपके जोडले की कण कुठून आला ते कळतं. जुन्या चाळीस वॅटच्या बल्बला लागते, साधारण तेवढ्या विजेवर असं यंत्र चालतं.

2010 च्या सुमारास फ्रेंच शास्त्रज्ञांनी त्याच सूफ्रिएरवर कण मोजणारी यंत्रं बसवायला सुरुवात केली. आत कुठे भरीव, कुठे पोकळ, ते दिसू लागलं. 2014 मध्ये तर पोटातल्या पाण्या-वाफेची हालचालही त्यांनी टिपली.

हे यंत्र भविष्य सांगत नाही. स्फोट कोणत्या दिवशी होईल ते त्याला कळत नाही. कण आकाशातून येतात, म्हणून यंत्राच्या पातळीखालचंही दिसत नाही. तरी वाफेची, हादऱ्यांची मोजदाद असते, तिला ही एक जोड मिळाली. सत्तर हजार माणसांना "घर सोडा" म्हणण्याआधी जितकं जास्त पाहता येईल तितकं पाहावं. त्यासाठी एका बल्बाएवढी वीज पुरते.

मंडळी, आज घरी गेलात की तळहात पसरून पाहा. दिसणार काही नाही. पण एक, दोन, तीन असं मोजा, आणि मुलांना सांगा, काय जातंय ते.