कृतज्ञता : आरोग्याचे पथ्य

(सिल्वासा येथे महाजन कुटुंबांच्या स्नेहमेळाव्यात वाचलेल्या भाषणाची संहिता)



देवळात गाऱ्हाणे घालण्याची प्रथा गोमंतकात व कोकणात फार जुनी आहे. घरात आजारपण शिरले, मुलाची नोकरी अडली, सोयरीक जुळेना, की श्रींसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले जाते. ते योग्यच होय; आपले दुःख माणसाने देवापुढे नाही मांडायचे तर कोठे मांडायचे? परंतु संकट टळल्यावर पुन्हा तीच पायरी चढून "मिळाले, पोचले" एवढेच सांगण्यास येणारे भक्त किती? नवस फेडण्यास माणसे येतात, हे खरे. तथापि नवस हा बहुधा करार असतो, आणि करार पुरा झाला की देणे संपले असे मनास वाटते. कृतज्ञता त्याच्या पुढे सुरू होते.

'कृतज्ञ' ह्या शब्दाची फोड केली तर 'केलेले जाणणारा' असा अर्थ निघतो. उलट 'कृतघ्न' म्हणजे केलेल्याचा घात करणारा. म्हणजे आपल्या पूर्वजांनी कृतज्ञतेला प्रथम जाणीव मानले. मन भरून येणे हे त्यामागून येते. पोर्तुगीज अमदानीत लिसेवमध्ये शिकलेली पिढी 'ओब्रिगादु' म्हणत असे. त्या शब्दाचा मूळ अर्थ 'बांधला गेलेला' असा आहे. आणि घरात कोकणी बोलणारी आजी 'देव बरें करूं' म्हणे. केलेल्या उपकाराची परतफेड आपल्या हातून पुरी होणे नाही, म्हणून ती देवाने करावी, अशी ही प्रार्थना आहे. वेदवाङ्मयात देव, ऋषी व पितर यांची ऋणे सांगितली आहेत. शतपथ ब्राह्मणात त्यांच्या जोडीला मनुष्यांचेही ऋण मानले आहे. आजच्या विवेचनाचा विषय मुख्यत्वे हे चौथे ऋणच होय.

सिल्वाशाच्या परिसरात ही जाणीव पुस्तकांतून शिकवावी लागली नाही. दादरा-नगरहवेलीतील आदिवासी समाज पीक कापण्यापूर्वी ग्रामदेवीची पूजा करतात आणि कापणीनंतर खळीपूजा करतात. वारली समाजात धान्याला कणसरी देवीचे रूप मानतात. गोमंतकातील देवळांत नव्याच्या पंचमीला भाताची नवी कणसे श्रींस अर्पण होतात, आणि ख्रिस्ती बांधवही कणसांचे फेस्त साजरे करतात. भाषा निराळ्या, देव निराळे; परंतु क्रम एकच. आधी अर्पण, मग भोजन. मुखात घास घालण्यापूर्वी क्षणभर थांबून तो कोठून आला हे आठवणे, एवढेच ह्या सर्व विधींचे मर्म आहे.

आता ह्याचा आरोग्याशी संबंध काय, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर आधुनिक मानसशास्त्राने काही अंशी दिले आहे. अमेरिकेतील रॉबर्ट एमन्स व मायकेल मॅकलो ह्या संशोधकांनी 2003 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाने दर आठवड्यास ज्यांबद्दल कृतज्ञता वाटते अशा गोष्टी लिहावयाच्या, दुसऱ्याने त्रासाच्या, तिसऱ्याने केवळ घडलेल्या घटना. दहा आठवड्यांअंती पहिल्या गटाला आपले जीवन अधिक समाधानकारक वाटू लागले, शारीरिक तक्रारी कमी झाल्या आणि व्यायामाकडे त्यांनी अधिक वेळ दिला. स्नायू व मज्जातंतूंच्या विकाराने ग्रस्त अशा प्रौढांनी 21 दिवस रोज अशी नोंद ठेवली, तेव्हा त्यांची झोपही सुधारल्याचे आढळले. पुढे 2024 साली अमेरिकेतीलच सुमारे 49,000 वृद्ध परिचारिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय 79 वर्षे होते. ज्यांची कृतज्ञता सर्वांत अधिक होती, त्यांच्यात तीन-चार वर्षांच्या अवधीतील मृत्यूचा धोका सुमारे 9 टक्क्यांनी कमी दिसला.

परंतु ह्या आकड्यांनी हुरळून जाऊ नये. एक गोष्ट दुसरीबरोबर आढळली म्हणून ती तिचे कारण ठरत नाही. नैराश्य व चिंता यांवर अशा नोंदींचा परिणाम अल्पच होतो, असेही नंतरच्या परीक्षणांत दिसले आहे. म्हणून कृतज्ञता हे औषध नव्हे. ते पथ्य होय. रक्तदाबाची गोळी बंद करून कोणी आभार मानीत बसू नये. मन फार काळ खिन्न असेल तर वैद्याकडेच जावे. मात्र पथ्यावाचून औषध पुरते लागू पडत नाही, हेही आपण जाणतोच.

ह्या पथ्याची गरज महाजन कुटुंबांना विशेष का, ते स्पष्टच सांगितले पाहिजे. वयाची साठी उलटलेले एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणावेत. निवृत्तिवेतन मिळते, मुले मार्गी लागली आहेत, घर स्वतःचे आहे. तरी रात्री दोन वाजता डोळा उघडतो, आणि आठवते काय? पालखीच्या वेळी आपला मान डावलला गेला ते वर्ष, वाटणीत भावाने घेतलेली माडांची रांग, कार्यात न आलेले आमंत्रण. वीस वर्षांपूर्वीचा अपमान तारीखवार तोंडपाठ असतो. परंतु शिक्षणासाठी ज्या मावशीने आपल्या घरी ठेवून घेतले, तिला शेवटचे केव्हा भेटलो हे आठवत नाही. अशा वेळी झोप कशी यावी? असे गृहस्थ प्रत्येक कुळात आहेत, आणि त्यांच्या कटुतेचे चटके घरातील सुना-नातवंडांस बसतात. देवस्थानाच्या दप्तरात महाजनांची नामावली असते, अंदाजपत्रक असते, मानपानाची नोंद असते. येणे तेवढे लिहिले आणि देणे लिहिलेच नाही, तर कोणताही हिशेब जुळणार नाही. मनाच्या दप्तराचेही तसेच आहे.

ह्यावर उपाय साधा आहे. तिन्हीसांजेस देवापाशी दिवा लागला की घरातील प्रत्येकाने त्या दिवसातील दोन-तीन गोष्टी आठवाव्यात आणि त्यामागे कोणाचा हात होता ते नाव घेऊन सांगावे. "देवाची कृपा" एवढे मोघम म्हणून भागत नाही. पहाटे दूध कोणी आणले, औषधाची आठवण कोणी केली, इस्पितळात रांगेत उभे राहिले कोण, असे नेमके सांगावे. वही ठेवणे जमल्यास ठेवावी. आठवड्यातून एकदा तरी त्यांपैकी एकास प्रत्यक्ष भेटून किंवा पत्राने कळवावे. ज्यांचे ऋण जुने आहे, त्यांच्याकडे आधी जावे. त्यांच्यापाशी फार अवधी उरलेला नसतो.

नेमकेपणाचे महत्त्व सिल्वाशातच उमगावे. दर वर्षी 2 ऑगस्टला येथे मुक्तिदिन साजरा होतो. 1954 साली 22 जुलैला दादरा आणि 2 ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यात फ्रान्सिस मास्कारेन्हस, राजा वाकणकर, नाना काजरेकर, प्रभाकर सिनारी यांच्यासारखी माणसे होती. संगीतकार सुधीर फडके होते, आणि निधीसाठी लता मंगेशकर पुण्यात गायल्या. ध्वजवंदन होऊन मिठाई वाटली गेली, पण नातवाला ह्यांतील एकही नाव ठाऊक नसेल, तर त्या दिवशी आपण केवळ सुट्टी साजरी केली असे होईल. 'केलेले जाणणे' ते हेच.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. कृतज्ञतेचा उपदेश नेहमी वरून खाली होऊ नये. ज्याला पुरती मजुरी मिळत नाही, त्याला "आहे त्यात समाधान मान" म्हणून सांगणे हा अन्याय होय. उलट महाजनांनीच पाहावे, की देवळाचे आवार झाडणारी बाई, वाजंत्री, फुले आणणारा, महाप्रसादाच्या चुलीपाशी घाम गाळणारे आचारी, पूर्वापार देवस्थानाची शेते कसणारी कुळे, यांची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत? उत्सवाच्या आभारप्रदर्शनात देणगीदारांची नावे वाचली जातात; त्यांच्या आधी ही नावे वाचावीत. त्यांचे मोलही वेळेवर व पुरते द्यावे. तोंडी आभार आणि थकलेली मजुरी ह्यांचा मेळ बसत नाही.

श्रींसमोर गाऱ्हाणे आपण पुढेही घालू; माणसाच्या जन्माला अडचणी आहेतच. मात्र प्रत्येक गाऱ्हाण्यापूर्वी एक पोचपावती देण्याचा नेम प्रत्येक महाजन कुटुंबाने आजपासून धरावा, आणि तो निभावण्याचे बळ श्रींनी सर्वांस द्यावे, हीच चरणी प्रार्थना.