नाण्यांचे जतन : स्वच्छता आणि संयम

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथांचे जतन ही जैन समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा आहे. पाटण आणि जैसलमेर येथील ज्ञानभांडारांतील ताडपत्रे आज अभ्यासकांच्या हाती आहेत, याचे श्रेय ती वेष्टनात बांधून, दमटपणापासून जपून ठेवणाऱ्या असंख्य अनाम हातांना आहे. मात्र तेवढीच जुनी आणि तेवढीच बोलकी अशी एक वस्तू घराघरांत दुर्लक्षित राहिली आहे. ती म्हणजे नाणे. देवघरातील डबीत, तिजोरीच्या कप्प्यात, मंदिराच्या भांडारात जुनी नाणी असतात. त्यांची आठवण दिवाळीच्या सुमारास होते, आणि आठवण होताच चिंच व राख घेऊन ती घासली जातात. नाणे लखलखते, पण त्याच्या अंगावरचा इतिहास त्या पाण्याबरोबर वाहून जातो.

नाण्यांचा अभ्यास जैनांना नवा नाही. दिल्लीच्या टांकसाळीशी संबंधित असलेले श्रीमाळी श्रावक ठक्कुर फेरू यांनी इ. स. १३१८ मध्ये ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ रचला. निरनिराळ्या प्रदेशांतील नाण्यांचे वजन, त्यांतील सोन्याचांदीचे प्रमाण आणि त्यांचे मूल्य यांची नोंद करणारा असा ग्रंथ मध्ययुगीन भारतात दुर्मीळच. त्याचे हस्तलिखित अगरचंद नाहटा आणि भंवरलाल नाहटा यांच्या शोधामुळे प्रकाशात आले आणि मुनी जिनविजयजींच्या प्रयत्नांनी १९६१ मध्ये ते छापले गेले. नाण्याकडे केवळ धन म्हणून न पाहता ज्ञानाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी या परंपरेत पूर्वीपासून आहे.

नाण्याच्या पृष्ठभागाचे मोल किती, हे महाराष्ट्रातील एका शोधावरून स्पष्ट होते. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी होती. ती क्षहरात क्षत्रप नहपान याची होती. परंतु त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन सम्राट गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा उमटविलेला होता. नहपानाचा मुखवटा आणि ग्रीक अक्षरे यांवर सातवाहनांचे पर्वतचिन्ह उमटलेले, आणि त्या नव्या ठशाखालून जुन्या मुखवट्याची कड डोकावणारी. एका राजाचा पराभव आणि दुसऱ्याचा विजय एकाच चकतीवर वाचता येतो. नाशिकच्या लेण्यांतील गौतमी बलश्रीच्या शिलालेखात क्षहरात वंशाच्या उच्छेदाचा उल्लेख आहे. या नाण्यांनी त्याला भक्कम पुरावा दिला.

आवश्यकसूत्राच्या टीकासाहित्यातही भरुकच्छाचा नहवाहन आणि प्रतिष्ठानचा शालिवाहन यांच्या संघर्षाची कथा येते. एक राजा कोशाने समृद्ध, तर दुसरा सैन्याने. शालिवाहनाच्या मंत्र्याने युक्तीने नहवाहनाला पुण्यकार्यांत धन खर्च करावयास लावले आणि कोश रिता होताच नगर पडले, असा तिचा आशय आहे. हा नहवाहन म्हणजेच नहपान, असे अनेक इतिहासकार मानतात. आगमसाहित्य, शिलालेख आणि नाणी ही तिन्ही साधने येथे एकमेकांना दुजोरा देतात. जोगळटेंभीची नाणी चिंचेने घासली गेली असती, तर नव्या ठशाखालच्या त्या पुसट रेषा सर्वांत आधी नाहीशा झाल्या असत्या.

नाण्यावर काळाने चढलेला थर म्हणजे मळ, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः मळ आणि थर या दोन भिन्न गोष्टी आहेत. धूळ, माती, तेलकटपणा हा बाहेरून आलेला मळ होय. थर मात्र धातूतूनच निर्माण होतो. चांदीचा हवेतील गंधकयुक्त वायूंशी संयोग होऊन काळसर सल्फाइड तयार होते. तांब्यावर प्रथम तांबूस-तपकिरी आणि पुढे हिरवट थर चढतो. घट्ट, एकसंध आणि गुळगुळीत असा थर आतील धातूचे रक्षणच करतो. तो काढला की उघडा पडलेला धातू पुन्हा झिजू लागतो. प्रत्येक वेळी घासताना अक्षरांची उंची थोडी थोडी कमी होते. शिवराईसारख्या तांब्याच्या नाण्यावर ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ ही अक्षरे मुळातच अनेकदा अर्धीमुर्धी उमटलेली असतात. तेथे एका वेलांटीचे झिजणेही मोठी हानी ठरते.

चिंच, लिंबू, ताक, व्हिनेगर यांनी तांबे का उजळते? त्यांतील आम्ल वरचा थर विरघळविते म्हणून. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक कळकते, त्यामागेही तांबे आणि आम्ल यांचीच क्रिया आहे. भांड्याचा पत्रा जाड असतो, त्याला ही झीज सोसते; नाण्याचा ठसा मात्र अत्यंत उथळ असतो. राख, रांगोळी, दंतमंजन आणि भांडी घासण्याची पूड यांचे कण चांदीवर असंख्य बारीक ओरखडे पाडतात. चांदी उजळविणारी तयार द्रावणेही पृष्ठभाग खातात आणि नाण्याला निर्जीव पांढरेपणा आणतात. जाणकार संग्राहक असे नाणे पाहताक्षणी ओळखतो आणि त्याचे मोलही उतरते.

म्हणून पहिला नियम असा की, शंका असेल तेथे नाणे स्वच्छ करू नये. दुर्मीळ, प्राचीन किंवा अनोळखी नाण्याला तज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून हात लावू नये. साधे, अलीकडच्या काळातील आणि केवळ धुळीने माखलेले नाणे असेल, तर ते ऊर्ध्वपातित पाण्यात काही तास ठेवावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आणि क्षार धातूला अपायकारक असतात. पाणी गढूळ होईल तसे बदलावे. सुटलेली माती अत्यंत मऊ कुंचल्याने, दाब न देता दूर करावी. नंतर नाणे मऊ सुती कापडावर ठेवून टिपून घ्यावे. पुसू नये, चोळू नये. ते पूर्ण वाळल्यावरच डबीत ठेवावे.

तेलकटपणा किंवा प्लास्टिकचा चिकट थर असल्यास शुद्ध अ‍ॅसिटोन उपयोगी पडते. ते धातूवर परिणाम करीत नाही. मात्र ते अत्यंत ज्वालाग्राही असल्याने दिवा, शेगडी वा उदबत्ती जवळ नसलेल्या हवेशीर जागी, काचेच्या भांड्यातच वापरावे. नखांचा रंग काढण्याच्या द्रवात सुगंधी द्रव्ये व तेले मिसळलेली असतात. तो त्याऐवजी वापरू नये.

एका विकाराविषयी मात्र तत्परता हवी. तांब्याच्या वा कांशाच्या नाण्यावर फिकट हिरवे, भुकटीसारखे ठिपके दिसले आणि पुसल्यावरही पुन्हा उमटले, तर तो थर नसून रोग आहे. धातूत मुरलेले क्लोराइड दमट हवेत जागे होते आणि नाणे आतून पोखरते. असे नाणे तत्काळ वेगळे काढून कोरड्या जागी ठेवावे आणि संवर्धन-तज्ज्ञाला दाखवावे. लखनौ येथील राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळा या क्षेत्रात काम करते. नाण्यांच्या अभ्यासासाठी नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेचे कार्य सुपरिचित आहे.

जतनाचा मोठा भाग साठवणुकीत आहे. नाणे नेहमी कडेने धरावे. बोटांचा घाम आणि तेल यांचे ठसे कालांतराने धातूवर कायमचे उमटतात. हाताळताना खाली मऊ कापड अंथरावे. मऊ पीव्हीसीचे पारदर्शक खिसे स्वस्त असले तरी त्यांतून सुटणारी द्रव्ये नाण्यावर हिरवट चिकट थर आणतात. त्याऐवजी पॉलिएस्टरच्या पाकिटात किंवा आम्लविरहित कागदात प्रत्येक नाणे स्वतंत्र ठेवावे. लाकडी पेटीतून आम्लयुक्त बाष्प निघते. सातवाहनकालीन शिशाच्या नाण्यांना ते विशेष घातक असते. कोकणासारख्या दमट प्रदेशात डबीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात. रबरबँड, वर्तमानपत्राचा कागद आणि लोकरीचे कापड यांत गंधक असू शकते. ते चांदीपासून दूर ठेवावेत.

नोंदीविना जतन अपुरे आहे. जैन विचारातील द्रव्य, क्षेत्र, काळ आणि भाव ही चौकट येथे सहज उपयोगी पडते. धातू, वजन व व्यास हे द्रव्य, नाणे कोठून आले ते क्षेत्र, त्याचा काळ, आणि त्याची सध्याची अवस्था व ते कोणत्या निमित्ताने अर्पण झाले, हा भाव. दोन्ही बाजूंचे छायाचित्र जोडले की नोंद पूर्ण होते. मंदिराच्या भांडारात आलेली जुनी नाणी मोडीत जाण्यापूर्वी विश्वस्तांनी एकदा जाणकारास दाखवावीत. चांदीचे वजन सराफ सांगेल. त्या नाण्याचे ऐतिहासिक मोल तराजूत दिसत नाही आणि एकदा वितळलेले नाणे परत मिळत नाही. जमिनीत सापडलेला साठा मात्र १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे.

लक्ष्मीपूजनाला चांदीची नाणी दूध-पंचामृताने धुण्याची चाल अनेक घरांत आहे. श्रद्धेला बाध न आणता तिला सोपा पर्याय देता येतो. पूजेसाठी चांदीचे एक नवे नाणे ठेवावे आणि आजोबा-पणजोबांच्या काळातील रुपये कोरडेच, दुरून हळदकुंकू दाखवून पूजावेत. भगवान महावीरांच्या २६०० व्या जन्मकल्याणकानिमित्त २००१ साली भारत सरकारने काढलेले पाच रुपयांचे नाणेही अनेकांच्या संग्रही असेल. ते आज जसे आहे तसेच पुढील पिढीच्या हाती जावे.

साधूच्या आणि श्रावकाच्या आचारात ‘जयणा’ या शब्दाला मोठे स्थान आहे. चालताना, बोलताना, वस्तू उचलताना व ठेवताना बाळगायची सावधानता म्हणजे जयणा. मराठीतील ‘जतन’ हा शब्दही ‘यत्न’ याच मुळापासून आला. संग्रह हा परिग्रह होऊ नये, हे खरेच. परंतु पूर्वजांनी सोपविलेली ठेव विश्वस्ताच्या भावनेने सांभाळणे म्हणजे परिग्रह नव्हे. तिला न दुखविता पुढे सुपूर्द करणे, एवढेच या पिढीचे कर्तव्य आहे.

जय जिनेंद्र.