प्रकाशाची वाट आणि विजेचा हिशेब



रिकामा पट्टा फिरला तरी विजेचे बिल चुकत नाही, हे कारखान्यातल्या कामगाराला पुस्तकावाचून कळते. तेच माप आज आम्ही प्रकाशतंतूंच्या जाळ्याला लावून पाहणार आहोत.

शहरे आणि देश जोडणाऱ्या मुख्य वाहिन्यांत केसाएवढ्या बारीक काचतंतूतून प्रकाश धावतो. चार्ल्स काओ यांनी १९६६ साली ही वाट दाखविली. आरंभी वाटेत मंदावलेला प्रकाश ठिकठिकाणी विजेत बदलून, दुरुस्त करून पुन्हा प्रकाशात आणावा लागे. १९८७ साली अर्बियम मिसळलेल्या तंतूने हा खटाटोप वाचविला. प्रकाश प्रकाशरूपातच बळकट होऊ लागला.

तरीही नाक्यानाक्यांवरचे राऊटर भरपूर वीज खातात. आलेला प्रकाश विजेत उतरवायचा, प्रत्येक संदेशाचा पत्ता वाचायचा आणि तो पुन्हा प्रकाशावर चढवायचा, हे त्यांचे काम. आता पाहा, मुंबईहून नागपूरला निघालेली टपालाची बंद थैली भुसावळला कोणी फोडत बसतो काय? मग पुढच्या गावचा प्रकाश मधल्या नाक्यावर न फोडता तसाच पुढे सोडावा. हा पहिला उपाय.

दुसरा उपाय विसाव्याचा. मध्यरात्रीनंतर वाहतूक ओसरते, पण यंत्रांची भूक त्या मानाने ओसरत नाही. तेव्हा उरलेली वाहतूक थोड्या वाटांवर गोळा करावी आणि बाकीची यंत्रे निजवावी.

मात्र येथे आमचा एक हट्ट आहे. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबली तुटल्या आणि हिंदुस्थानातले इंटरनेट लंगडे झाले. तेव्हा दुसऱ्या वाटांनी वाहतूक वळविता आली, म्हणून निभावले. आज फुकट पडून असलेली वाट उद्या जीव वाचविते. विसावा घेणारा गडी आणि कामावरून काढलेला गडी, हे दोघे एक नव्हेत! निजलेले यंत्र हाकेसरशी उठले पाहिजे. आणि ते न उठले तर धावून जाणारा रात्रपाळीचा तंत्रज्ञ जागेवर पाहिजे. त्याला घरी बसवून साधलेली बचत विजेच्या खात्यात मांडणे, ही लबाडी होय.

म्हणून कंपन्यांनी काटकसरीचे आकडे सांगितले, की आपण तीन प्रश्न विचारावे: वीज किती वाचली? राखीव वाटा किती उरल्या? आणि रात्री जागे कोण आहे?