शास्त्री नदीच्या काठाने



रत्नागिरी जिल्ह्यातली देवस्थानं आणि निसर्ग यांविषयी सांगा, असं मंडळाने आम्हाला म्हटलं. आम्ही म्हणजे सरेतल्या तीन मॉरिशियन मराठी घरांतली सहा माणसं. मॉरिशसच्या प्राथमिक शाळेत मराठी शिकवल्यामुळे बोलायचं काम आमच्यातल्या एकीवर आलं, पण जे सांगणार आहोत ते सहा जणांचं आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी तो कागद आहे. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांच्या नोंदवह्या जपल्या आहेत, त्यांतून काढलेला उतारा. नंबर, नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, जिल्हा. आमच्या कागदावर जिल्हा रत्नागिरी आणि तालुका संगमेश्वर. गावाचं नाव लिहिणाऱ्याने कानाला जसं ऐकू आलं तसं इंग्रजीत उतरवलं आहे. ते एकदा वाचलं तर एक गाव होतं, दुसऱ्यांदा वाचलं तर दुसरं.

इथे एक सूचना करून ठेवतो. कागदावर रत्नागिरी आहे म्हणून सरळ रत्नागिरीला जाऊ नका. मालवण, देवगड, वेंगुर्ला हे तालुके तेव्हा रत्नागिरीतच होते. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ते तिकडे गेले. आमच्या ओळखीचं एक कुटुंब चार दिवस चुकीच्या जिल्ह्यात फिरून परत आलं.

आमची मोठी काकी ब्याऐंशी वर्षांची. तिला विमानाचा प्रवास झेपणार नव्हता. निघताना तिने एवढंच सांगितलं, "आपला देव कोणता, ते विचारून या." गाव सापडत नव्हतं. मग आम्ही ठरवलं, नदी धरायची. त्या काळी कोकणातून मुंबईला जायचा मोठा रस्ता म्हणजे समुद्र. डोंगराकडचा माणूस नदीकाठाने खाली खाडीवर यायचा, तिथून गलबताने मुंबई, आणि मुंबईहून जहाज. संगमेश्वरची नदी शास्त्री. सह्याद्रीत उगम पावते आणि जयगडला समुद्राला मिळते. आमचा माणूस याच बाजूने उतरला असेल, असं धरून आम्ही वरून खाली आलो.

सुरुवात मार्लेश्वरपासून केली. देवरुखहून गाडीने मारळ गावाकडे जायचं आणि मग पाचशेहून जास्त पायऱ्या चढायच्या. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी न्यावी, लाजू नये. वर डोंगराच्या पोटात गुहा आहे. दार इतकं ठेंगणं की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आत विजेचा दिवा नाही, फक्त समया. कपारींत साप राहतात. ते कुणाला काही करत नाहीत आणि त्यांनाही कुणी काही करत नाही. आम्हाला एकही दिसला नाही. पुजारी म्हणाले, "तुम्हाला नाही दिसले, त्यांना तुम्ही दिसलात." आमच्यातले दोघे त्यानंतर फार वेळ आत थांबले नाहीत.

बाहेर आलं की समोर धारेश्वराचा धबधबा कड्यावरून कोसळतो. बाव नदी इथून निघते. पावसाळ्यात त्याचं रूप फार मोठं, पण तेव्हा पायऱ्या निसरड्या असतात. मकर संक्रांतीला इथे मार्लेश्वराचं साखरप्याच्या गिरिजादेवीशी लग्न लागतं, मोठी जत्रा भरते. दरवर्षी तोच नवरा, तीच नवरी आणि तितकीच गर्दी.

त्या धबधब्यासमोर आम्ही गप्प उभे राहिलो. आमच्यातल्या सगळ्यांचं बालपण मॉरिशसमध्ये हेन्रियेटाच्या आसपास गेलं. तिथे टॅमरिंडचे सात धबधबे आहेत. तिथेच १८९६ साली आपल्या लोकांनी मॉरिशसमधला पहिला गणेशोत्सव केला, असं आपण सांगतो. ऊस तोडणाऱ्याला कुठल्या मळ्यात जायचं हे निवडता येत नव्हतं, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी हेन्रियेटाचा डोंगर पहिल्यांदा पाहून इथल्या माणसाला काय वाटलं असेल, असा विचार मनात येऊन गेला.

संगमेश्वरला सोनवी नदी शास्त्रीला मिळते, म्हणून संगम. जवळच कसब्यात कर्णेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे. त्याचं छत मान वर करून सावकाश पाहावं. याच संगमेश्वरात १६८९ साली संभाजी महाराज पकडले गेले. मुलांना इथे नेलंत तर ती गोष्ट नदीकाठी उभं राहूनच सांगा. वर्गात सांगून तिचा तसा परिणाम होत नाही. तुरळ, राजवाडी, अरवली इथे गरम पाण्याचे झरे आहेत. आम्ही पाय बुडवले, थकवा गेला.

गणपतीपुळ्याबद्दल जास्त सांगत नाही, कारण तिथे सगळेच जातात. देव पश्चिमेला तोंड करून समुद्राकडे बघतो आणि डोंगरालाच प्रदक्षिणा घालतात. शेजारी मालगुंडला कवी केशवसुतांचं स्मारक आहे. ते १८६६ साली तिथे जन्मले. शिक्षकांनी तेवढा फाटा चुकवू नये.

रत्नागिरी शहरात थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी राज्यावरून काढून इथे आणून ठेवलं, १९१६ साली तो इथेच वारला. राजाला समुद्रापलीकडून रत्नागिरीत आणलं आणि रत्नागिरीच्या शेतकऱ्याला समुद्रापलीकडे पाठवलं, दोन्ही कामं त्याच सरकारची. राजाला निदान वाडा मिळाला.

जयगडला किल्ला आहे, दीपगृह आहे. खाडी ओलांडून तवसाळला फेरीबोट जाते. आम्ही एकदा पलीकडे गेलो आणि परत आलो, काम काहीच नव्हतं. भरती होती. नदीचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी एकमेकांत शिरत होतं. आपल्या सरेत सर्पेंटाइन नदी मड बेला मिळते तिथेही असंच होतं, पण त्याला खाडी म्हणायचं हे आम्हाला तोवर सुचलं नव्हतं.

आता काकीच्या प्रश्नाकडे येतो. देवरुखजवळच्या एका गावात आम्ही ग्रामदेवतेच्या देवळात गेलो. ते आमचं गाव असेल किंवा नसेल. गुरवांनी विचारलं, "आडनाव काय?" आम्ही सांगितलं. ते म्हणाले, "हे नाव झालं. आडनाव?" आपल्याकडे खापरपणजोबांचं नावच आडनाव होऊन बसलं आहे, हे त्यांना समजावताना आम्हाला रडू आलं. कुलदैवत कोणतं, तेही सांगता येईना. गाव विचारलं, तर आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

गुरव थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग नारळ हातात घेऊन म्हणाले, "आज झोपता कुठल्या गावात, ते सांगा. देवाला पत्ता लागतो." त्यांनी गाऱ्हाणं घातलं. त्यात मॉरिशस आलं, हेन्रियेटा आलं, आणि "कॅनडातला सरे गाव" आला. "जिथून गेली असतील तिथल्या देवाला हे पोचव," असंही ते म्हणाले. गावातली चार माणसं बसली होती, ती "होय महाराजा" म्हणाली. आम्ही मागाहून म्हटलं.

परत आल्यावर काकीला सांगितलं की देवाचं नाव मिळालं नाही. ती थोडी नाराज झाली. मग गाऱ्हाण्याचं सांगितलं, तर म्हणाली, "सरे म्हणाले ते? नीट आठवून सांग." तीन वेळा सांगायला लावलं. यंदा गणपतीत आरती संपल्यावर ती खुर्चीवरून उठली, नारळ मागितला आणि तिला येईल तसं, अर्धं मराठीत अर्धं क्रेओलमध्ये, स्वतःच गाऱ्हाणं घातलं. तिने घेतलेली गावांची नावं आम्ही वहीत लिहून ठेवली आहेत. त्यांतलं एक कागदावरच्या त्या शब्दाशी जुळतंसं वाटतं. संक्रांतीच्या सुमाराला आम्ही पुन्हा जाणार आहोत. ज्यांच्या कागदावर संगमेश्वर आहे, त्यांनी आज जेवणाच्या वेळी आम्हाला भेटावं, कागद सोबत आणावा.