चोळांच्या मडक्यांतील चिठ्ठ्या
(गांवच्या वाचनालयांत दिलेलें भाषण)



तंजावर म्हटलें कीं आपणांस व्यंकोजीराजे आठवतात. तेथील बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचें वंशचरित्र मराठींत १८०३ सालीं कोरलें, हेंही कित्येकांस ठाऊक असेल. पण तें देऊळ राजराज चोळानें बांधिलें. १०१० सालीं तें पुरें झालें. त्याचा मुलगा राजेंद्र याचें आरमार १०२५ सालीं समुद्र ओलांडून श्रीविजयावर गेलें. हा पराक्रम ट्रेनिंग कॉलेजांत आम्हीही घोकला. आज बोलावयाचें तें एका मडक्याविषयीं.

उत्तरमेरूर येथें पहिल्या परांतकाच्या वेळचे, ९१९ व ९२१ सालचे शिलालेख आहेत. गांवच्या तीस आळ्या. दर आळीनें लायक माणसांचीं नांवें ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहावयाचीं, चिठ्ठ्या मडक्यांत घालावयाच्या आणि अजाण पोरानें एक काढावयाची. निवडलेल्यांतून तळें, बागा वगैरेंच्या समित्या होत. मुदत एक वर्ष. वय पस्तिसाच्या वर, सत्तरीच्या आंत. आणि मागें कारभार करून ज्यानें हिशेब दिला नाहीं तो तर बादच, पण त्याचे जवळचे सोयरेही बाद! हंसूं नका, आम्ही कोणाचें नांव घेतलेलें नाहीं.

ही गोष्ट आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें अभिमानानें सांगत आलों. एके दिवशीं एका मुलानें विचारलें, "गुरुजी, त्या मडक्यांत कुळवाड्याची चिठ्ठी पडे का?" आम्हांस उत्तर सुचेना. घरीं येऊन नियम पुन्हां वाचले. उमेदवारास सारा भरणारी पाव वेली जमीन हवी, स्वतःच्या जागेंत घर हवें, आणि वेद शिकवितां आला पाहिजे. एक वेद व एक भाष्य येत असेल तर अर्धपाव वेली चाले. नांगर धरणाऱ्यास मात्र कसलीच सूट नाहीं! हें गांव ब्राह्मणांस दान दिलेलें, आणि सभाही त्यांचीच. इतर गांवीं 'ऊर' नांवाची बैठक असे. तींत वेदाची अट नव्हती, पण तीही जमीनवाल्यांचीच.

मग राबणारे कोठें? राजराजाच्या देवळास लावून दिलेल्या गांवांत कोणत्या जागांवर सारा नाहीं, याची यादी तेथें कोरली आहे. तीत तळें आहे, स्मशान आहे, आणि परैचेरी व तीण्डाचेरीही आहे. चेरी म्हणजे वस्ती. तीण्डाचेरी म्हणजे शिवूं नये अशांची वस्ती. देवळासाठीं आणलेल्या चारशें स्त्रियांचीं नांवें, कोठून आणल्या, वांट्यास शंभर कलम भात, सारें भिंतीवर आहे. चेरी मात्र नुसती जागा म्हणून नोंदली, स्मशानाच्या पंक्तीला.

आतां आम्ही फळ्यावर मडकें काढतों आणि शेजारीं ती यादीही लिहितों. हिशेबाचा नियम मात्र पुसत नाहीं. तो कोणीं कां केला असेना, चांगला आहे; आणि पुढील महिन्यांत आपल्या वाचनालयाच्या वर्गणीचा हिशेब मांडावयाचा आहे.