पायाखालची ऊब, डोक्यावरची धग

थंड देशांत घर उबदार ठेवण्याची एक रीत आहे. जमिनीखाली नळ्यांची वेटोळी पसरून त्यांतून कोमट पाणी खेळवतात. फरशी २५ ते २९ अंशांपर्यंत तापते आणि तिच्यावर वावरणाऱ्याला ऊब मिळते. आधी बांधलेल्या घरातही ही सोय करता येते. जुन्या फरशीवर उष्णता अडवणारा थर, त्यावर नळ्या, त्यावर पुन्हा फरशी. मात्र जमीन दोन-चार बोटे वर येते, दारे खालून तासावी लागतात आणि उंबरठा जवळजवळ बुडतो. पुढे नळी गळू लागलीच तर फरशी उखडण्यावाचून गत्यंतर नाही!

आपल्या मराठवाड्यात हा खटाटोप कोण करील? पौषातली थंडी एका घोंगडीने भागते. आपले दुखणे मे महिन्याचे, पारा ४० च्या वर जातो तेव्हाचे. तरी हा विषय मुद्दाम घेतला. ती फरशी नुसती हवा तापवत नाही, शेकोटीप्रमाणे थेट अंगालाही उष्णता देते. आपल्याकडे हेच काम नको त्या ऋतूत छत करीत असते.

उन्हाळ्यात रात्री दहा वाजता, पंखा बंद करून, स्टुलावर चढा आणि स्लॅबला खालून तळहात लावून पाहा. दिवसभर प्यालेले ऊन तो आता तुमच्या अंथरुणावर ओतत असतो. पंख्याने घाम वाळतो, छत काही निवत नाही. माळवदाच्या जाड मातीतून ही धग इतकी खाली येत नसे. माळवदे पाडून आपण स्लॅब टाकले. गळती थांबली, विंचवाचे भय कमी झाले, हे मान्यच. पण तान्ह्या मुलाच्या पाळण्यावर तापलेला तवा आला.

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आपण पाहिली असेल. तेथील लांबट हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे. वर पाणी असले की ते छत तापत नाही आणि खाली बसणाऱ्याला गारवा लाभतो. हैदराबादजवळ पोचारम येथे इन्फोसिसच्या एका इमारतीत २०११ साली अर्ध्या भागात काँक्रीटमधून थंड पाण्याच्या नळ्या फिरवल्या. नेहमीच्या पद्धतीने थंड केलेल्या अर्ध्या भागापेक्षा तेथे वीज सुमारे एकतृतीयांश कमी लागली. पण घरी असा प्रयोग करू नका. दमट दिवसांत बर्फाच्या पेल्याला सुटते तसे छताला पाणी सुटेल.

आपल्याला चुना पुरे. फाल्गुनात गच्ची झाडून, कळीचा चुना विरवून, गाळून, त्यात थोडा डिंक घालून दोन हात द्यावेत. पांढरा रंग बरेचसे ऊन वरच्यावर परतवतो. पत्र्यावर चुना टिकत नाही. तेथे पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूचे तट्टे बांधावे. वर तुऱ्हाट्या पसरणारेही आहेत, पण जवळ चूल असेल तर ते नको.

गुरुजनांना एक सुचवतो. शाळेच्या दोन सारख्या खोल्यांपैकी एकीच्याच छताला चुना द्या आणि दुपारी तीन वाजता दोन्हींच्या छताचे तापमान मुलांकडून रोज फळ्यावर लिहवून घ्या. पावसाळ्यात चुना धुऊन जाईल. पुढच्या वर्षी दुसऱ्या खोलीची पाळी.