हुकमाची दुर्री

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



दिवाळीच्या सुट्टीत नातू पुण्याहून खामगावला आला, तो पोकेमॉनच्या पत्त्यांचा डबा घेऊन. 1996 साली जपानमध्ये निघालेला हा खेळ. आग ओकणारा चारिझार्ड त्याने पाकिटात जपला होता आणि ‘पोशन’ नावाचा साधा पत्ता मित्राला फुकट देणार होता. ‘‘याला काही किंमत नाही, आबा!’’ मी विचारलं, हा करतो काय? म्हणाला, जखमी गड्याची थोडी इजा भरून काढतो; पहिल्या संचात 20 अंकांची. एकदा वापरला की बाद.

मला आमच्या पारावरची हुकमाची दुर्री आठवली.

पोळ्याच्या दिवशी बैल घरी परतले, की पारावर मेंढीकोटचा डाव बसे. चार गडी, समोरासमोर भिडू, प्रत्येकाला तेरा पानं. दश्शी म्हणजे मेंढी. चारही मेंढ्या एकाच बाजूला गेल्या की कोट! त्या वर्षी मोठे बाबांनी मला भिडू घेतलं. बदाम हुकूम होता आणि माझ्याकडे हुकमाची एकच दुर्री. हात कापायची एवढी हौस, की एकही मेंढी नसलेल्या फालतू हातावर मी ती मारली. पुढे समोरच्याने किल्वरचा एक्का टाकला, त्याच्या भिडूने त्यावर चौथी मेंढी सोडली. शेवटची पाळी माझी. किल्वर नव्हतं, आणि दुर्रीही नव्हती. कोट बसला.

मोठे बाबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘‘पोट्ट्या, दुर्री लहानी असते, पन येळेवर कामी येते.’’ मात्र पुढच्या पोळ्याला त्यांनी दुसरा भिडू घेतला. ते मला फार लागलं.

पत्त्याची किंमत त्याच्यावर छापलेल्या आकड्यात नसते, हे आपल्याकडे जुनंच आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात 120 गोल पानं. दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. त्यातल्या पाच रंगांत प्रधानाखाली दहाचं पान मोठं, तर उरलेल्या पाचांत एकाचं! म्हणजे एका रंगात तळाला असलेलं पान दुसऱ्या रंगात प्रधानाच्या पाठोपाठ बसतं.

नातवाला हे सगळं सांगितलं. त्याला कितपत पटलं, कोण जाणे. पण रात्री घरातले चौघं मेंढीकोट खेळायला बसलो. तो माझा भिडू. त्याच्याकडे हुकमाची दुर्री आली. दोनदा त्याचा हात तिच्याकडे गेला, दोनदा मागे आला. अकराव्या हाताला समोरून एक्का आला, त्यावर मेंढी पडली, आणि त्याने दुर्री आपटली.

सकाळी बघतो, तर पोशनचा पत्ता परत डब्यात होता.